गावातली संस्था आणि डिजिटल बदल: विदर्भातल्या संशोधक विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएच.डी.च्या नोंदणीचे दिवस आले की वाणिज्य, व्यवस्थापन, अर्थशास्त्र आणि समाजकार्याचे विद्यार्थी विषय घेऊन येतात आणि दर दुसऱ्या शीर्षकात 'डिजिटल' असतं. बहुतेक जण तालुक्याच्या कॉलेजातून आलेले, बरेच जण नोकरी आणि शेती सांभाळून शिकणारे. त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. मतं माझी आहेत. तुमच्या मार्गदर्शकांना ती पटली नाहीत तर त्यांच्याशी जरूर चर्चा करा, त्यातून विषय पक्काच होईल.

सोसायटीत कॉम्प्युटर बसला, म्हणजे डिजिटल परिवर्तन झालं असं धरायचं का?

नाही. कॉम्प्युटर बसणं ही खरेदी झाली. किर्द, म्हणजे रोजचा जमाखर्च, वहीऐवजी पडद्यावर लिहिली जाऊ लागली, तर त्याला संगणकीकरण म्हणा. परिवर्तन म्हणायचं असेल तर संस्थेचं काम, अधिकारांची वाटणी आणि सभासदाशी असलेलं नातं यांत फरक पडलेला दाखवता आला पाहिजे.

ग्रेगरी व्हियाल यांनी २०१९ मध्ये या विषयावरच्या २८२ लेखनांचा आढावा घेतला. तंत्रज्ञानामुळे संस्थेला धक्का बसतो, ती प्रतिसाद देते आणि त्या वाटेत तिची रचना, संस्कृती आणि अडथळे मध्ये येतात, अशी मांडणी त्यांनी केली. २०२१ मध्ये लाउरी वेसेल आणि सहकाऱ्यांनी आणखी बारीक फरक केला: तंत्रज्ञान संस्थेची जुनीच ओळख बळकट करतं, की संस्था कोण आहे हेच बदलून टाकतं? हा दुसरा प्रश्न आपल्या इकडे फार कामाचा आहे. गावात पीककर्ज देणारी सेवा सहकारी सोसायटी ही सभासदांची संस्था. सगळा व्यवहार वरून आलेल्या एका सॉफ्टवेअरमधून होऊ लागल्यावर ती सभासदांची राहते, की बँकेची गावातली खिडकी होते? या एका प्रश्नावर अख्खा प्रबंध उभा राहू शकतो.

आमच्या भागात मोठ्या कंपन्या नाहीत. मग अभ्यास कोणावर करायचा?

कंपनी म्हणजेच संस्था हा समज पाठ्यपुस्तकांतून आला आहे. एका तालुक्यात डोळे उघडे ठेवून फिरा: सेवा सहकारी सोसायट्या, जिल्हा मध्यवर्ती बँकेची शाखा, बाजार समिती, जिनिंग, ग्रामपंचायत आणि तिच्यातलं आपले सरकार सेवा केंद्र, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा परिषदेची शाळा, बचत गटांचे प्रभागसंघ, शेतकरी उत्पादक कंपनी. यातल्या प्रत्येक ठिकाणी गेल्या काही वर्षांत कामाची पद्धत बदलली आहे, आणि त्यावर खोलवर लिहिणारे फार थोडे आहेत.

गडचिरोलीत तर जगात दुसरीकडे सहज सापडणार नाही अशी संस्था आहे: वनहक्क मिळालेली ग्रामसभा. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावरचा गावाचा हक्क, मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या. म्हणजे बँक खातं आलं, पॅन आलं, मजुरीचा आणि विक्रीचा हिशोब आला. ज्या ग्रामसभेत सगळ्यांच्या समोर, सर्वसहमतीने निर्णय व्हायचे, तिचा हिशोब एका लॅपटॉपमध्ये गेला तर तो सगळ्यांना दिसतो का, की लॅपटॉप चालवणाऱ्या दोन पोरांनाच? गोंडवाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हा विषय मी आवर्जून सुचवतो.

सोसायट्यांच्या संगणकीकरणावर काम करायचं आहे. नेमकं काय पाहायचं?

विषय चांगला निवडला आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या (म्हणजे आपल्या सेवा सहकारी सोसायट्यांच्या) संगणकीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,५१६ कोटी रुपये. पुढे ही संख्या आणखी वाढवली गेली. नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांसाठी एकच राष्ट्रीय सॉफ्टवेअर. म्हणजे एकच साधन हजारो वेगवेगळ्या संस्थांत एकाच काळात उतरलं. संशोधकाला अशी संधी क्वचित मिळते.

पण बहुतेक प्रस्ताव 'संगणकीकरणाचे फायदे आणि अडचणी' इथेच अडकतात. मग शेवटच्या प्रकरणात वीज नाही, नेट नाही, प्रशिक्षण हवं, असं लिहून होतं. ते सगळं खरं आहे, पण ते गावात पाय न ठेवताही लिहिता येतं. त्याऐवजी सोसायटीचं दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवाच्या टेबलाजवळ बसा आणि काम पाहा.

एकाच गटसचिवाकडे अनेकदा एकाहून जास्त सोसायट्यांचा भार असतो. पूर्वी तो सगळ्यांचे दप्तर पिशवीत घेऊन फिरायचा. किर्द, खतावणी, सभासद नोंदवही, ठरावाचं बुक. आता कॉम्प्युटर एका जागी आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये दिवस उघडल्याशिवाय नोंद घेता येत नाही, दिवस बंद केल्याशिवाय दुसरा उघडत नाही. मग सभासदाने भरलेल्या पैशाची पावती हाताने फाडली जाते का? ती नोंद सॉफ्टवेअरमध्ये कधी चढते? त्याच दिवशी, आठवड्याने, की महिनाअखेरीस?

हा प्रश्न बारीक वाटेल, पण त्याच्याशी पैसा जोडलेला आहे. मुदतीत परतफेड करणाऱ्या कास्तकाराला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज त्याला शून्य टक्क्याने पडतं. पैसे भरल्याची तारीख आणि नोंद चढल्याची तारीख यांत अंतर असेल तर मुदतीच्या दिवसांत त्याचं काय होतं? हातपावत्यांची स्थळप्रत आणि सॉफ्टवेअरचा उतारा शेजारी ठेवा, तारखा जुळवा. तुमचं सगळ्यात भक्कम प्रकरण तिथून निघेल.

दुसरी जागा आरंभीच्या शिलकेची. जुन्या वहीतून नव्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे नेताना वर्षानुवर्षं न जुळलेल्या बाबी उघड्या पडतात: मयत सभासदांची खाती, वारसाच्या नावाने न झालेले शेअर्स, बँकेच्या आणि सोसायटीच्या येणे बाकीतला फरक. त्या वेळी कोणी काय ठरवलं, कोणत्या बैठकीत ठरवलं, ठराव झाला की फोनवर झालं? शोशाना झुबॉफ यांनी १९८८ मध्येच दाखवलं होतं की यंत्र काम आपोआप करतं आणि त्याच वेळी आतापर्यंत न दिसलेलं काम दिसूही लागतं. कोणाला दिसू लागतं, हा पुढचा प्रश्न. सोसायटीच्या बाबतीत जिल्हा बँकेला दिसतं, वरच्या कार्यालयांना दिसतं. सभासदाला दिसतं का, ते तपासा.

मार्गदर्शक म्हणतात, तंत्रज्ञान स्वीकाराचं प्रारूप घे आणि प्रश्नावली भरून आण. चालेल का?

चालेल, पण कुठे चालत नाही हे ओळखून घ्या. फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं प्रारूप सांगतं की साधन उपयोगी आणि सोपं वाटलं तर माणूस ते स्वीकारतो. वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ते विस्तारलं. त्यात त्यांनी एक गोष्ट घातली, जी आपले विद्यार्थी हमखास गाळतात: वापर ऐच्छिक आहे की सक्तीचा.

आपल्या इकडच्या बहुतेक संस्थांत वापर सक्तीचा आहे. रोजगार हमीत अ‍ॅपवर हजेरी नाही तर मजुरी नाही. कापसाची नोंदणी नाही तर हमीभाव नाही. अशा ठिकाणी 'तुम्ही हे अ‍ॅप वापरण्याचा विचार कराल का' या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. सक्ती आहे तिथे विचारा: काम कसं भागवता? कोणाच्या फोनवरून? कोणाला विचारून? वांडा ऑर्लिकोव्हस्की यांचं काम इथे उपयोगी पडतं. साधन बनवणाऱ्याच्या मनात जे असतं ते एक, आणि माणसं रोजच्या वापरातून त्याचं जे करतात ते दुसरं, हा त्यांचा मुद्दा कुठल्याही सेवा केंद्रात तासभर बसलं की पटतो.

केंतारो तोयामा यांची मांडणीही वाचा. ते म्हणतात, तंत्रज्ञान संस्थेतली असलेली ताकद आणि इच्छा वाढवतं, नसलेली निर्माण करत नाही. एकाच तालुक्यातल्या एका चांगल्या आणि एका ढिल्या सोसायटीत तेच सॉफ्टवेअर बसलेलं असताना या मांडणीची परीक्षा घेणं सहज शक्य आहे.

प्रश्नावली मराठीत भाषांतर करून घेतली आहे. पुरेसं आहे ना?

कोणत्या मराठीत, ते सांगा. 'सदर प्रणालीमुळे माझ्या कार्यक्षमतेत वृद्धी झाली आहे: पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत.' हे वाचून दाखवल्यावर अकोल्याकडचा कास्तकार तुमच्याकडे पाहत राहतो आणि म्हणतो, "बराबर हाय जी." तुम्ही 'सहमत'वर खूण करता. ते उत्तर पाहुण्याचा मान राखण्यासाठी दिलेलं होतं. अशा शंभर खुणांची सरासरी काढून ती दोन दशांश स्थळांपर्यंत छापली, तरी तिच्यातून काहीच कळत नाही.

वऱ्हाडात वऱ्हाडीत विचारा, भंडारा-गोंदियाकडे झाडीबोलीत. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया जाणणारा स्थानिक जोडीदार घ्या आणि त्याचं नाव व मानधन दोन्ही प्रबंधात नोंदवा. मत विचारण्याऐवजी घडलेली गोष्ट विचारा: "मागच्या खेपेला आलात तेव्हा काम झालं का? परत किती चकरा झाल्या? येण्याजाण्याला किती लागले? ती मजुरी बुडाली का?" चकरा मोजता येतात. सेवा सुधारली की नाही हे त्यावरून ठरवणं जास्त खात्रीचं.

नमुना ३८४ घेतला तर प्रश्न येणार नाही ना?

३८४ हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातून आला आहे. लोकसंख्या मोठी, विश्वास पातळी ९५ टक्के, त्रुटी ५ टक्के आणि निवड यादृच्छिक असेल तर तो लागू पडतो. तुम्ही ओळखीच्या ३८४ लोकांकडून गुगल फॉर्म भरून घेतला तर त्यातली महत्त्वाची अट आधीच मोडली.

त्याहून मोठी गोष्ट अशी की तुमचा विषय संस्थेतला बदल आहे. म्हणजे अभ्यासाचं एकक सोसायटी आहे, सभासद नाही. एका सोसायटीचे ३८४ सभासद घेतले तरी संस्था एकच राहते. चार किंवा सहा संस्था नीट निवडा. एक बागायती पट्ट्यातली, एक कोरडवाहू, एक नफ्यातली, एक अनिष्ट तफावतीत गेलेली, म्हणजे सभासदांकडून येण्यापेक्षा बँकेचं देणं जास्त झालेली. प्रत्येकीत पुन्हा पुन्हा जा. व्यष्टी अध्ययनाच्या (केस स्टडीच्या) पद्धतीवर रॉबर्ट यिन आणि कॅथलीन आयझेनहार्ट यांचं लेखन जगभर मान्य आहे. तोंडी परीक्षेत 'नमुना लहान का' असं विचारलं, तर त्यांच्या आधारे शांतपणे उत्तर देता येतं.

बाजार समिती आणि भावाच्या माहितीवर आधी काय संशोधन झालं आहे?

भरपूर, आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच विषय जिवंत आहे.

रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये केरळच्या मासेमारांवर दाखवलं की मोबाइल आल्यावर वेगवेगळ्या बंदरांवरच्या भावांतला फरक कमी झाला आणि माल वाया जाणं थांबलं. अपराजिता गोयल यांनी २०१० मध्ये मध्य प्रदेशातल्या ई-चौपालचा, म्हणजे आयटीसी कंपनीच्या गावोगावच्या इंटरनेट केंद्रांचा, अभ्यास केला. सोयाबीनचे भाव आणि गुणवत्ता तपासणी गावाजवळ मिळू लागल्यावर मंडीतला भाव सरासरी १.७ टक्क्यांनी वाढला. सोयाबीन म्हणजे आपलंच पीक, आणि तो प्रदेश आपल्याला लागूनच आहे. पण मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांचा २०१२ चा अभ्यास महाराष्ट्रातल्या १०० गावांतला. तिथे शेतकऱ्यांना एसएमएसवर भाव आणि हवामान पाठवलं गेलं, आणि मिळालेल्या भावात लक्षणीय फरक दिसला नाही.

असं का? माझं मत स्पष्ट आहे. भाव कळणं आणि त्या भावाने विकता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने अडत्याकडून उचल घेतली आहे, ज्याच्याकडे माल ठेवायला जागा नाही, ज्याला गाडीभाडं पुरून वर्ध्याऐवजी हिंगणघाटला जाता येत नाही, त्याच्या फोनवर भाव आला तरी तो आपल्याच बाजारात विकतो. ई-नाम, म्हणजे बाजार समित्या जोडणारा राष्ट्रीय ऑनलाइन बाजार, १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. तुमच्या समितीत तो आला असेल तर हर्रास (लिलाव) अजून ढिगाजवळ उभं राहून होते का आणि बोली नंतर कॉम्प्युटरवर चढवली जाते का, हे सकाळी जाऊन स्वतः बघा. खरोखर ऑनलाइन झालेला लिलाव आणि असा नंतर चढवलेला, अहवालात दोन्ही व्यवहार 'ऑनलाइन' म्हणूनच मोजलेले असतात.

कापसाच्या नोंदणीवर विषय होऊ शकतो का?

नक्की होऊ शकतो, आणि यातली साखळी फार कमी जणांनी पाहिली आहे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीला 'कपास किसान' अ‍ॅपवरची नोंदणी आणली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये. नोंदणीला सातबारा लागतो आणि त्यावर कापसाचा पेरा असावा लागतो. तो पेरा ई-पीक पाहणीतून, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरच्या पिकाच्या नोंदीतून, येतो. ती १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि त्यात शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून फोटो घ्यायचा असतो. नोंदणीनंतर दिवस आणि केंद्र निवडायचं, आणि केंद्रावर गेल्यावर ओलावा ८ ते १२ टक्क्यांत बसला पाहिजे.

आता कडी मोजा: महसूल खातं, कापूस महामंडळ, बाजार समिती, जिनिंग आणि शेवटी आधारशी जोडलेलं बँक खातं. प्रत्येक संस्थेने आपापलं डिजिटल काम केलं. ऑगस्टमध्ये पावसात नेटवर्क नसल्यामुळे पीक पाहणी हुकली, तर त्याचा परिणाम दिवाळीनंतर दुसऱ्याच संस्थेच्या दारात दिसतो. तिथला माणूस म्हणतो, "पटवाऱ्याकडे जा." एकेका संस्थेचा वेगळा अभ्यास केला तर हे सापडतच नाही. एका कास्तकाराच्या मागे पेऱ्यापासून चुकाऱ्यापर्यंत जा, आणि ठेका किंवा बटईने कसणाऱ्याला मुद्दाम निवडा, कारण सातबारा त्याच्या नावावर नसतो.

अंगणवाडी आणि रोजगार हमीची अ‍ॅप 'संस्थात्मक बदल' या विषयात बसतात का?

बसतात. अंगणवाडीच्या नोंदींचं अ‍ॅप, पोषण ट्रॅकर, मार्च २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं आणि अ‍ॅप मराठीत हवं अशी मागणी लावून धरली. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा फोटोसह घेणं सक्तीचं झालं. ज्या राज्याने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्येच केला, तिथल्या मजुराच्या हजेरीचा पुरावा हजेरीपटावरून फोटोवर गेला. हा फार मोठा संस्थात्मक बदल आहे.

इथे कामाचा वेळ मोजा. सेविका अ‍ॅपही भरते आणि रजिस्टरही. धारणी-चिखलदऱ्याच्या गावात रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाण्याचा वेळ कुठल्याच अहवालात नसतो. सेविकेबरोबर तिची परवानगी घेऊन दिवसभर राहा आणि दर अर्ध्या तासाला काय चाललं ते लिहा. अशा वेळ-नोंदी मराठीत जवळजवळ नाहीतच. त्या झाल्या तर मानधनाच्या वाटाघाटीत सेविकांच्या संघटनांनाही कामी येतील.

हरिसालवर करू का?

मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं आणि तेव्हापासून पत्रकार, अधिकारी, अभ्यासक तिथे येत राहिले. गावकऱ्यांना मुलाखतींची सवय झाली आहे. तुम्हाला तिथे जायचंच असेल तर शेजारचं, ज्याचं नाव कधी छापून आलं नाही असं गाव सोबत घ्या आणि तुलना करा.

प्रकल्प फसलेला दिसला तर प्रबंध होईल का? सकारात्मक निष्कर्ष लागतो असं ऐकलं आहे.

चुकीचं ऐकलं आहे. रिचर्ड हीक्स यांनी २००३ मध्ये विकसनशील देशांतल्या ई-प्रशासन प्रकल्पांचा अंदाज मांडला होता: ३५ टक्के पूर्ण अपयशी, ५० टक्के अंशतः अपयशी, १५ टक्के यशस्वी. कारण म्हणून त्यांनी आराखडा आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांतली दरी दाखवली. ती दरी मोजणं हेच संशोधन आहे.

महाराष्ट्रातलं उदाहरण कोल्हापूरकडच्या वारणेचं. १९९८ मध्ये तिथल्या ७० गावांत कॉम्प्युटर केंद्रांचा प्रकल्प झाला, खूप गाजला. नंतर संशोधकांनी जाऊन पाहिलं तेव्हा केंद्रांचा मुख्य उपयोग ऊस आणि कारखान्याच्या नोंदींपुरताच होता. मग तेवढं काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं गेलं आणि ते भागलं. अपेक्षा कुठे उतरली नाही हे प्रामाणिकपणे पाहिलं म्हणूनच स्वस्त उपाय सापडला.

संस्था माहिती देत नाही. माहितीचा अधिकार टाकू का?

आधी रीतसर मार्ग घ्या. कॉलेजचं पत्र, एका पानात विषय, आणि संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव. सचिवाने तोंडी 'या' म्हटलं तरी ठराव मागा. पुढच्या निवडणुकीत मंडळ बदललं तर तुमचं अर्धं काम अडकणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या खटल्यात स्पष्ट केलं की सरकारची भरीव मालकी, नियंत्रण किंवा निधी नसलेली सहकारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे सोसायटीकडे थेट अर्ज करून उपयोग नाही. पण निबंधकाच्या कार्यालयाला कायद्याने संस्थेकडून जी माहिती मिळते, जसे लेखापरीक्षण अहवाल, ती तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे १० रुपयांच्या अर्जाने मागता येते. मुदत ३० दिवस. ग्रामपंचायत मात्र थेट कक्षेत येते.

क्षेत्रकार्य कधी करावं?

मिरगाच्या आधी कर्जवाटप असतं, तेव्हा सोसायटीत सगळं घडतं, पण बोलायला कोणाला वेळ नसतो. तेव्हा नुसतं बघा. मुलाखतीला पोळ्यानंतरचे दिवस बरे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, ती चुकवू नका. झाडीपट्टीत रोवणीच्या दिवसांत आणि गडचिरोलीत मे महिन्याच्या तेंदू हंगामात माणसं घरी सापडणार नाहीत. ३१ मार्चच्या आसपास गटसचिवाला त्रास देऊ नका.

लोकांच्या खासगी माहितीचं काय? गावाचं नाव बदललं की झालं ना?

झालं नाही. 'तालुक्यातली महिला अध्यक्ष असलेली एकमेव सोसायटी' असं लिहिलं की पंचक्रोशीत सगळ्यांना कळतं. नाव लपवायचं असेल तर ओळख पटवणारे तपशीलही काढावे लागतात, आणि ज्याचं विधान आहे त्याला ते छापण्याआधी वाचून दाखवावं लागतं. गटसचिवाची नोकरी तुमच्या एका वाक्याने अडचणीत येऊ शकते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संशोधनाला त्यात सवलत आहे, पण त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाणार नाही आणि ठरवलेली मानकं पाळली जातील, या अटीवर. म्हणून आधार क्रमांक, खाते क्रमांक लिहूनच घेऊ नका. पासबुकाचे फोटो काढू नका. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण लिहून काढायला फुकटच्या एआय साइटवर टाकू नका. वऱ्हाडी बोलणं कानाने ऐकून स्वतःच लिहा, त्या निमित्ताने ते दुसऱ्यांदा ऐकूनही होतं.

परदेशी लेख वाचायला मिळत नाहीत.

१ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत सरकारी विद्यापीठांना १३,००० हून अधिक नियतकालिकं उघडी झाली आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटा. झालेले प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर आहेत. विषय ठरवण्याआधी तिथे शोधा.

पेपर छापल्याशिवाय प्रबंध देता येत नाही का?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. विद्यापीठाचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात, ते बघून घ्या. पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणाऱ्या मासिकांपासून लांब राहा. आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांचे कष्टाचे पैसे त्यांत गेलेले पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

मी स्वतः अशाच संस्थेत नोकरीला आहे. आपल्याच संस्थेवर संशोधन करता येतं का?

येतं, आणि तुम्हाला जे दिसतं ते बाहेरच्याला वर्षभर बसूनही दिसणार नाही. अर्धवेळ पीएच.डी.ला नियमांत वाव आहे, त्यासाठी नियोक्त्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. दोन अडचणी आधीच ओळखा. हाताखालचे लोक तुमच्यासमोर साहेबाला सांगावं तेवढंच सांगतील, म्हणून त्यांच्या मुलाखती दुसऱ्या संशोधकाकडून घ्या. आणि जे तुम्हाला रोजचंच वाटतं ते लिहायचं राहून जातं, म्हणून पहिल्या महिन्यात एका बाहेरच्या मित्राला आणून बसवा आणि त्याला काय खटकलं ते टिपून घ्या.

तुमच्या लॉगिनवर सभासदांची खाती दिसतात ती नोकरीच्या कामासाठी. ती संशोधनात वापरायची असतील तर मंडळाकडून वेगळी लेखी परवानगी घ्या, नावं काढून घेतलेला उतारा दुसऱ्या कर्मचाऱ्याकडून मागून घ्या आणि परवानगीची प्रत परिशिष्टात लावा.